वंशावळीत मुली नाहीत, बल्बवर आईचं नाव नाही

प्रति,
सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांच्या आरोग्य नियोजनावर ज्यांची सही लागते त्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

आनुवंशिक आजारांचा विषय निघाला की आपल्याकडे बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर शिबिर लागतं, जांभळ्या टोपणाचे बल्ब, म्हणजे रक्ताच्या नळ्या, भरून मोठ्या शहरात रवाना होतात, आणि ज्यांच्या दंडातून रक्त काढलं त्यांना पुढं काही कळत नाही. नाहीतर नव्या यंत्राची मागणी होते. यंत्राला आमचा विरोध नाही, पण ते आमच्या यादीत शेवटी आहे. मधलं जे काम यंत्राशिवाय इथंच होतं, तेच राहून जातं, आणि ते राहिल्यामुळं लांबच्या महागड्या तपासणीचंही मातेरं होतं.

आम्ही या दोन जिल्ह्यांत बालरोग, प्रयोगशाळा आणि समुपदेशनाच्या कामात असलेली माणसं. "पुढच्या बाळालाही असंच होईल का?" हा प्रश्न आमच्यासमोर येतो. त्याचं उत्तर पुष्कळदा देण्यासारखं असतं. ते देता येत नाही, कारण पहिल्या मुलाच्या वेळी जे घ्यायला हवं होतं ते कुणी घेतलेलं नसतं. हे पत्र कुणा एका कार्यालयावर वा अधिकाऱ्यावर नाही. पण गप्प बसणं आता जमत नाही, म्हणून जाहीरपणे लिहीत आहोत.

पहिली तक्रार वंशवेलीची.

वंशावळ काढायला आपला जिल्हा शिकलेला आहे. जात पडताळणीसाठी खापरपणजोबापर्यंतची नावं लोक तोंडपाठ सांगतात. सीमाभागात हेळव्याच्या, म्हणजे वंशावळी सांभाळणाऱ्याच्या, पोथीत पिढ्यान्‌पिढ्या सापडतात. पण या सगळ्या वंशावळी बापाच्या रेषेनं जातात. त्यात लग्न होऊन गेलेल्या मुली नसतात, पाळण्यात गेलेली बाळं नसतात, पडलेले गर्भ तर नसतातच. आजार शोधणाऱ्याला नेमकं तेच लागतं. ड्यूशेनसारखा स्नायूंचा आजार किंवा हिमोफिलिया (रक्त न गोठण्याचा आजार) बहुधा आईकडून मुलाकडे येतो. तो सापडायचा तर आजोळच्या मामांची आणि मावशांच्या मुलांची चौकशी हवी. तलाठ्याच्या कागदावर मामा येत नाही.

वंशवेल काढायला कागद, पेन्सिल आणि पाऊण तास लागतो. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजारी असेल तर आत काळं भरायचं, वारलेल्यावर तिरकी रेघ, नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ. किमान तीन पिढ्या. चिन्हं एका दुपारी शिकता येतात. खरी मेख प्रश्न कसा विचारायचा यात आहे. "नात्यात लग्न झालंय का?" असं विचारलं की उत्तर "नाही" येतं, आणि माणूस खोटंही बोलत नसतो. त्याच्या लेखी नातं म्हणजे भावकी, आणि भावकीत लग्न होतच नाही. मामाची मुलगी केली हे त्याला सांगण्यासारखं वाटत नाही, ती रीतच आहे. "तुमच्या सासूबाई लग्नाआधी तुमच्या कोण लागायच्या?" असं विचारलं की लगेच "मामी" येतं. त्यानंतर दोघांचंही आजोळ विचारायचं. गाव एकच निघालं की पेन्सिल थांबवून मागं जायचं. "मुलं किती?" याचं उत्तर जिवंत मुलांचं असतं, "बाळंतपणं किती झाली, आणि दिवस राहून गेले असं किती वेळा झालं?" हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो, तोही सासू बाहेर गेल्यावर.

सख्ख्या मामे-आतेभावंडांत सरासरी आठवा हिस्सा जनुकं सामाईक असतात. सर्वसाधारण जोडप्याच्या बाळात जन्मजात दोषाची शक्यता 2 ते 3 टक्के धरतात. अशा लग्नात ती साधारण आणखी 2 ते 3 टक्क्यांनी वाढते. म्हणजे बहुतेक मुलं धडधाकट होतात, हेही लोकांना सांगायला हवं. उगाच घाबरवून काही साधत नाही. पण नात्यात लग्न झालं नाही म्हणून धोका नाही असंही नाही. 2017 साली दक्षिण आशियातल्या 260 हून अधिक समूहांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या 81 समूहांत, थोड्याच पूर्वजांपासून वंश वाढल्याची खूण फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्केनाझी ज्यूंपेक्षाही ठळक निघाली. शेकडो वर्षं जातीतच लग्नं झाली की नवरा-बायको एकमेकांना अनोळखी असले तरी एकाच जुन्या पूर्वजाकडून आलेली जनुकाची बिघडलेली प्रत दोघांकडे असू शकते.

दुसरी तक्रार नमुन्याची. इथं चूक बारीक असते आणि महागात पडते.

डीएनएसाठी रक्त ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) जांभळ्या बल्बमध्ये घ्यायचं, मोठ्यांचं 3 ते 4 मिलि, तान्ह्याचं 1 ते 2. बल्ब हलक्या हातानं आठ-दहा वेळा उलटा-सुलटा करायचा, खळाखळा हलवायचा नाही. मग साध्या फ्रिजमध्ये, 2 ते 8 अंशांवर. गुणसूत्रांच्या तपासणीसाठी, म्हणजे कॅरिओटाइपसाठी, हिरव्या टोपणाचा सोडियम हेपॅरिनचा बल्ब लागतो, कारण तिथं पेशी जिवंत पोचाव्या लागतात. तो बर्फाला चिकटवून पाठवला की पेशी मरतात. शनिवारी संध्याकाळी काढून सोमवारी कुरिअरला दिला तरी मरतात. 24 तासांत, फार तर 48 तासांत तो पोचला पाहिजे. जतच्या मे महिन्यात दुचाकीच्या डिकीत ठेवलेल्या हिरव्या बल्बचं काय होत असेल ते सांगायला नको. उलट हेपॅरिनमुळं डीएनएची पीसीआर, म्हणजे तपासणीसाठी त्याच्या प्रती वाढवण्याची क्रिया, अडते, म्हणून एकाचं काम दुसऱ्या बल्बवर भागवता येत नाही. "कल्चर वाढलं नाही", म्हणजे पेशी वाढल्याच नाहीत, असा शेरा घेऊन रिपोर्ट येतो, आणि घरच्यांना वाटतं की मुलात काही दोष नाही.

थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजाराचं आणखी वेगळं. मूल पांढरंफटक होऊन येतं, घाईत रक्त चढवलं जातं, आणि एचपीएलसीचा, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या तपासणीचा, नमुना नंतर काढला जातो. मग मशीन मोजतं ते रक्तदात्याचं हिमोग्लोबिन. नमुना रक्त चढवण्याआधीच काढायचा. ते राहिलं तर किमान तीन महिने थांबावं लागतं, आणि ज्या मुलाला दर तीन आठवड्यांनी रक्त लागतं त्याला थांबवता येत नाही. अशा वेळी आई-वडिलांची एचपीएलसी करायची. दोघांचंही एचबीए-टू (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) 3.5 टक्क्यांच्या वर आणि एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) 80 च्या खाली असेल तर उत्तर जवळजवळ मिळालं. मात्र आईला लोहाची कमतरता असेल तर तिचं एचबीए-टू थोडं खाली दिसतं आणि वाहक सुटून जाते. आपल्याकडच्या बायकांत ही कमतरता किती, हे आपल्याला आम्ही सांगायला नको.

आणि बल्ब एकट्या मुलाचा का जातो? मुलाच्या जनुकात एखादा बदल सापडतो, तो आजाराचा की निरुपद्रवी ते ठरत नाही, आणि रिपोर्टवर "अर्थ अनिश्चित" असं येतं. त्याच वेळी आई-वडिलांचे बल्ब गेले असते तर पुष्कळ गोष्टी तिथंच सुटल्या असत्या. बदल आईवडिलांत नाही आणि मुलात नवीन आहे; किंवा एक आईकडून, एक वडिलांकडून आला आहे; किंवा एकाच बिघडलेल्या प्रतीनं होणाऱ्या आजारात तोच बदल धडधाकट वडिलांतही आहे, म्हणजे बहुधा विषय संपला. जिनोम इंडिया प्रकल्पात 10,000 भारतीयांच्या जनुकसंचाचं वाचन झालं आणि जानेवारी 2025 मध्ये ती माहिती संशोधकांसाठी खुली झाली, ही मोलाचीच गोष्ट. आपल्या लोकांत कोणता बदल सर्रास आढळतो हे त्यावरून कळतं. पण एका घरातला बदल आजारासोबत चालतो की नाही, हे त्या घरच्या आजीच्या 3 मिलि रक्तावरूनच कळतं, आणि आजी आटपाडीला असते.

तिसरी तक्रार थोडक्यात: चुकीची तपासणी. हल्ली ऊठसूट एक्सोम करायला सांगतात. एक्सोम म्हणजे जनुकसंचातला प्रथिनांची कृती लिहिलेला एक-दोन टक्के भाग. उपयोगी आहे, पण ठरावीक ठिकाणी आंधळा आहे. एसएमए या स्नायू दुबळे करणाऱ्या आजारात एसएमएन-वन जनुकाचा तुकडा गळालेला असतो, आणि शेजारी जवळजवळ तसंच एसएमएन-टू असल्यानं साध्या एक्सोममध्ये ते सहसा सुटतं. तिथं एमएलपीए, म्हणजे जनुकाचे तुकडे गळालेत की वाढलेत ते मोजणारी तपासणी, हवी. ड्यूशेनमध्ये जनुकाच्या 79 एक्सॉनपैकी (तुकड्यांपैकी) काही गळालेले, ही गोष्ट साधारण तीनपैकी दोन मुलांत असते. तिथंही आधी एमएलपीए, मग उरलेल्यांचं वाचन. तीव्र हिमोफिलिया-ए मध्ये जवळपास निम्म्यांत जनुकाचा एक भाग उलटा बसलेला असतो, तोही एक्सोमला दिसत नाही. फ्रॅजाइल एक्स या बौद्धिक वाढ खुंटवणाऱ्या आजाराचंही तसंच. गुडघ्यांवर हात टेकत उठणारा, पोटऱ्या फुगलेला पाच वर्षांचा मुलगा असेल तर सीके ही स्नायूंची झीज दाखवणारी साधी रक्ततपासणी आधी करावी. आकडा हजारांत आला की एमएलपीए. घरच्यांनी दागिना मोडून एक्सोम करायचा, "काही निघालं नाही" ऐकायचं आणि पुढं जायचं नाही, हे थांबवणं एका पानाच्या तक्त्याचं काम आहे.

चौथी तक्रार मांडायला जड जाते. अतिदक्षता विभागात जे बाळ वाचणार नाही हे डॉक्टरांना कळलेलं असतं, त्याच्या रक्ताचे चार थेंब कुणी ठेवत नाही.

झटके, रक्तात आम्लता, वाढलेला अमोनिया, चौथ्या-पाचव्या दिवशी दूध सोडलेलं बाळ. प्रमाणपत्रावर जंतुसंसर्ग लिहिला जातो, बाळ घरच्या शेतात पुरलं जातं, आणि दीड वर्षानं तीच आई पुन्हा चार महिन्यांची होऊन येते. आता तपासायचं कुणाला? पहिल्या बाळाचा कागदसुद्धा नसतो. ज्या आजारात जनुकाच्या दोन्ही प्रती (एक आईची, एक वडिलांची) बिघडाव्या लागतात, तिथं दर गरोदरपणात 25 टक्के धोका असतो, मागचं मूल कसंही झालेलं असो. टाचेच्या रक्ताचे ठिपके घ्यायचं गाळणकागदाचं कार्ड लागतं. वर्तुळ मागपर्यंत भिजलं पाहिजे, एकावर दुसरा थेंब टाकायचा नाही. कार्ड आडवं ठेवून सावलीत निदान तीन-चार तास वाळवायचं; उन्हात नाही, हीटरसमोर नाही, एकमेकांवर रचून तर नाहीच. मग सिलिकाच्या पुडीसह बंद पिशवीत. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या पावसात ही पुडी विसरली की कार्डावर बुरशी येते. कोरडं ठेवलेलं कार्ड कितीतरी वर्षांनी डीएनए देतं. आई-बाबांना विचारून, त्यांची सही घेऊन, शांतपणे हे करता येतं. विचारलं तर पालक नाही म्हणतील असं गृहीत धरून न विचारणं, ही आमच्या मते मोठी चूक आहे.

पाचवी तक्रार वेळेची आणि भीतीची. गर्भाची तपासणी करायची तर वारेचा तुकडा 11 ते 13 आठवड्यांत, गर्भजल 16 आठवड्यांपासून. पण गर्भात काय शोधायचं हे आधी माहीत लागतं, आणि घरातला नेमका बदल शोधायलाच महिना-दीड महिना जातो. जोडपं 14 व्या आठवड्यात आलं तर हिशेब जुळतच नाही. म्हणून आजाराचं निदान पहिल्या मुलाच्या वेळीच, आणि वाहक तपासणी दिवस राहण्याआधी. इथं पीसीपीएनडीटीचं, म्हणजे गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्याचं, नाव काढून हात वर केले जातात. 2017 साली म्हैसाळला बेकायदा गर्भपातांचं जे उघडकीला आलं त्यानंतर कडक पहारा हवाच, त्यात कसूर नको. पण 1994 चा तोच कायदा गुणसूत्रांचे दोष, चयापचयाचे आनुवंशिक आजार, हिमोग्लोबिनचे आजार आणि लिंगसंलग्न आनुवंशिक आजार यांच्यासाठी नोंदणीकृत केंद्रात गर्भतपासणीची परवानगी स्पष्ट शब्दांत देतो. कायद्यानं दिलेलं भीतीपोटी नाकारलं जाणं दोन्ही जिल्ह्यांना परवडणारं नाही.

आता मधुमेह-हृदयरोगासारख्या गुंतागुंतीच्या आजारांबद्दल. इथं एका जनुकाचा दोष नसतो. शेकडो छोटे बदल, गर्भातलं पोषण, खाणं, वजन असं सगळं मिळून आजार होतो. पुण्यात 1993 पासून चाललेल्या माता-पोषणाच्या अभ्यासानं दाखवलं की आपली बाळं वजनाला कमी असूनही चरबी राखून जन्मतात. अशा आजारांसाठी तयार झालेले जनुकीय "गुण" मुख्यत्वे युरोपीय वंशाच्या लोकांवर बेतलेले आहेत, आणि आपल्याकडे ते तितके लागू पडत नाहीत. तेव्हा लाळेवरून "तुमचा मधुमेहाचा धोका" सांगणाऱ्या पॅकेजवर सरकारी पैसा जाऊ नये, एवढंच म्हणणं.

पण याच गर्दीत एका जनुकाचे आजार लपलेले असतात आणि ते शोधणं स्वस्त आहे. आशाताईंच्या सीबॅक फॉर्ममध्ये (घरोघरी आजारांचा धोका नोंदवायच्या कागदात) घरात कुणाला मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आहे का, याला "हो" किंवा "नाही" एवढीच जागा. कुणाला आणि कितव्या वर्षी, हे दोन शब्द जोडले तर फॉर्म कामाचा होतो. पंचविशीच्या आत मधुमेह, अंग बारीक, आणि तीन पिढ्यांत तसंच, असं घर निघालं तर तो मोडी नावाचा आनुवंशिक मधुमेह असू शकतो. त्यातल्या एका प्रकारात साध्या सल्फोनिलयुरियाच्या गोळ्या उत्तम लागू पडतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मधुमेह झाला तर जनुक तपासणी लगेच हवी, कारण ठरावीक बदल निघाल्यास पुष्कळ बाळांचं इन्सुलिन सुटून काम गोळ्यांवर भागतं. आणि ज्या घरात चाळिशी-पंचेचाळिशीत माणसं छातीत कळ येऊन गेली आहेत, तिथं भावंडांचं आणि मुलांचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) तपासा. मोठ्यांत 190 च्या, लहान मुलांत 160 च्या वर गेलं तर आनुवंशिक कोलेस्टेरॉलचा संशय धरायचा. ही तपासणी तालुक्यातसुद्धा होते.

संमतीबद्दल एक गोष्ट राहिली. शिबिरात अंगठा घेतला म्हणजे संमती झाली असं नाही. मराठीत, वाचून दाखवून, नमुना कुठं जाणार, किती वर्षं राहणार, कोण वापरणार, निकाल कधी आणि कोण सांगणार, आणि पुढं नको वाटलं तर काढून कसा घ्यायचा, हे सांगायला हवं. कुटुंबाचे नमुने एकत्र तपासले की पितृत्वाबद्दल नको ती गोष्ट कळू शकते. ती कुणालाही सांगितली जाणार नाही, हे आधीच लिहिलेलं असावं. निकाल सांगताना जोडपं आणि समुपदेशक एवढेच खोलीत. "हिच्या माहेरचीच खोट" हे वाक्य बाहेर ओसरीवर तयारच असतं. दोन प्रतींच्या आजारात एक प्रत वडिलांकडून येते, हे कागदावर काढून दाखवावं लागतं. ड्यूशेनच्या सुमारे एक तृतीयांश मुलांत तर आई वाहक नसते, बदल नव्यानं झालेला असतो. आणि जातीचं नाव रिपोर्टातून गावच्या फलकावर जाता कामा नये.

आमच्या मागण्या या:

दोन्ही जिल्ह्यांत आठवड्यातून एक दिवस आनुवंशिक आजारांची बाह्यरुग्ण सेवा, एका प्रशिक्षित समुपदेशकासह. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या 'उम्मीद' उपक्रमात सरकारी डॉक्टरांना या विषयाचं प्रशिक्षण मिळतं. आपल्या डॉक्टरांना त्यासाठी सोडा.

प्रत्येक नवजात आणि बाल अतिदक्षता विभागात ठिपक्यांची कार्डं, दोन्ही रंगांचे बल्ब आणि कोणत्या संशयाला कोणती तपासणी आधी, याचा एक पानी तक्ता भिंतीवर.

आई, वडील, मूल असे तीन बल्ब एकत्र असल्याशिवाय सरकारी खर्चानं एक्सोम पाठवू नये. पालक हयात नसतील तर तसं लिहावं.

बाहेरच्या संस्थेला शिबिराची परवानगी देताना निकाल परत देण्याची मुदत करारात घालावी. मुदत उलटली तर पुढची परवानगी नाही. अनिश्चित आलेले निकाल दोन वर्षांनी पुन्हा तपासायला लावावेत. तेव्हा नवीन रक्त लागत नाही, जुन्याच माहितीवरून काही घरांना उत्तर मिळतं.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफी, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल आहेत. म्हणजे प्रमाणपत्रं दिलेल्यांची यादी आपल्या कपाटात आहे. नवीन सर्वेक्षण नको. त्या घरांना गोपनीय पत्र पाठवून वंशवेलीसाठी बोलवा. 2021 च्या दुर्मिळ आजार धोरणाखाली मुंबईच्या केईएम रुग्णालयासारख्या केंद्रातून 50 लाखांपर्यंत उपचाराची मदत मिळू शकते, पण निदान पक्कं नसेल तर तिथं अर्जच पुढं सरकत नाही.

आणि वेळ नीट निवडा. खानापूर-आटपाडीचे गलाईवाले (सोनं-चांदी गाळणारे) देशभर पांगलेले आहेत, पाटण-जावळीची माथाडी कुटुंबं मुंबईत आहेत. मामा, मावशी, आजोबा एकाच दिवशी एका अंगणात भेटतात ते गावच्या यात्रेला. कार्यालयीन सोयीनं जूनमध्ये लावलेल्या शिबिरात अर्धी वंशवेल फोनवर काढावी लागते आणि बल्ब एकही मिळत नाही. समुपदेशक नेमून, कार्डं आणि बल्ब तालुक्यांत पोचवून चैत्राच्या आत तयारी झाली, तर पहिली शंभर घरं येत्या यात्रांतच होतील. कोणत्या गावची यात्रा कोणत्या तिथीला, ती यादी आम्ही करून देतो.

आपले,
सांगली-साताऱ्यातले काही बालरोगतज्ज्ञ, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि समुपदेशक